मेंदूतल्या रसायनाला स्वभाव नसतो

रविवारच्या पुरवण्या, शाळांमधली समुपदेशनाची भाषणे, कंपन्यांतली ‘वेलनेस’ सत्रे आणि मोबाइलवरचे मिनिटभराचे व्हिडिओ यांनी मिळून गेल्या काही वर्षांत आपल्याला चार रसायनांची एक चौकडी बहाल केली आहे. डोपामिन आनंद देते, सेरोटोनिन समाधान देते, ऑक्सिटोसिन माया लावते, एंडॉर्फिन दुखणे विसरायला लावते. ज्याचे जे कमी, त्याने ते वाढवावे. त्यासाठी सकाळचे ऊन, मिठी, काळे चॉकलेट, हास्यक्लब. एखादे जास्त झाले असे वाटले तर ‘डोपामिन डिटॉक्स’. वात-पित्त-कफ म्हटले की गालातल्या गालात हसणारा सुशिक्षित माणूस ही चौकडी मात्र विज्ञान म्हणून निमूट स्वीकारतो. गंमत अशी की वैद्य निदान वय, ऋतू, प्रकृती, कोठा एवढे तरी विचारतो. ही चौकडी काहीच विचारत नाही.

या समजुतीला ‘ढोबळ पण बरोबर’ म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. ही समजूत अर्थ भलत्याच ठिकाणी शोधते. मेंदूत तयार होणाऱ्या कोणत्याही रसायनाला स्वतःचा असा स्वभाव नसतो. ते चेतापेशीला चेतवील की दाबील हे चार गोष्टींवर ठरते: ते कोणत्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटले, तो ग्राही बाळगणारी पेशी त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती, रसायन तिथे किती वेळ टिकले, आणि ती पेशी कोणत्या जाळ्यात गुंतलेली होती. या चारही गोष्टी वगळून ‘सेरोटोनिन वाढवा’ म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. पुढची मांडणी याच क्रमाने केली आहे.

१. एकाच पदार्थाचे दोन हुकूम

१९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये क्षारयुक्त पाण्यात धडधडत ठेवली. एका हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेला त्यांनी विजेने डिवचले. ते हृदय मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचे पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्याची नस कोणी डिवचलेली नव्हती, तरी तेही मंदावले. नसेच्या टोकाशी काहीतरी पाझरते आणि ते पाझरणारेच हुकूम देते, हे त्यातून दिसले. तो पदार्थ अ‍ॅसिटिलकोलिन ठरला आणि १९३६चे नोबेल लोवी व हेन्री डेल यांना विभागून मिळाले. मेंदूतही असेच घडते हे मानायला मात्र शास्त्रज्ञांना आणखी बराच वेळ लागला. जॉन एकल्स यांच्यासारखा पहिल्या प्रतीचा संशोधक १९५१पर्यंत ‘मेंदूत सगळा कारभार विजेचा’ यावर अडून होता. शेवटी स्वतःच्याच प्रयोगाने त्यांना पक्ष बदलायला लावला.

लोवींची गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तके इथे थांबवतात आणि नेमकी तिथेच चूक रुजते. हृदय मंद करणारे हेच अ‍ॅसिटिलकोलिन दंडाच्या स्नायूवर पडले की स्नायू आकसतो. मग हे रसायन शांत करणारे म्हणायचे की चेतवणारे? डेल यांनी १९१४ सालीच दाखवले होते की त्याचे परिणाम दोन गटांत पडतात. काही परिणाम विषारी अळंबीतल्या मस्करिनसारखे असतात, काही तंबाखूतल्या निकोटिनसारखे. कारण उघड होते: घेणारे दोन वेगळे आहेत. स्नायूवरचा निकोटिनी ग्राही ही खुद्द एक वाहिनी आहे. रसायन चिकटले की ती उघडते, सोडियमचे धनभारित कण आत घुसतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात पेशी पेटते. हृदयावरचा मस्करिनी ग्राही वाहिनी नाही. तो पेशीच्या आतल्या बाजूला असलेल्या जी-प्रथिनाला हलवतो, ते पोटॅशियमच्या वाहिन्या उघडते, पोटॅशियम बाहेर पडते, पेशीच्या आतला ऋणभार वाढतो आणि ठोका लांबतो. दोन्ही ठिकाणी रसायन पेशीच्या आत पाऊलही टाकत नाही. ते दारावर हात ठेवते आणि बाजूला होते. पुढचे सगळे पेशीचे.

अ‍ॅसिटिलकोलिन हा अपवाद असेल, असे म्हणावे तर डोळ्याकडे पाहावे. ग्लुटामेट हे मेंदूतले सर्वांत मोठे ‘उत्तेजक’ रसायन म्हणून ओळखले जाते. डोळ्याच्या पडद्यातल्या शंकुपेशी अंधारात ग्लुटामेट सतत सोडत असतात आणि उजेड पडला की सोडणे कमी करतात. एकाच शंकुपेशीतून निघालेले हे ग्लुटामेट पुढच्या द्विध्रुवी पेशींच्या दोन जातींवर पडते. त्यातली एक जात त्याने चेतते. दुसऱ्या जातीवर वेगळा ग्राही आहे, त्यामुळे ती त्याच ग्लुटामेटने दबते आणि उजेडात ग्लुटामेट ओसरले की मोकळी होते. उजेड झाला आणि अंधार झाला या दोन उलट बातम्या मेंदूला एकाच पदार्थातून मिळतात. हा लेख तुम्ही वाचता आहात तो या फरकाच्या बळावरच.

आता चौकडीतल्या नायकाकडे, डोपामिनकडे. त्याचे पाच ग्राही माहीत आहेत आणि ते दोन कुळांत पडतात. एक कूळ पेशीतली चेतना वाढवते, दुसरे घटवते. मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटममध्ये ही दोन कुळे बहुतांशी वेगवेगळ्या पेशींवर बसलेली आहेत. तिथे डोपामिन ओसंडले की हालचाल सुरू करणाऱ्या वाटेला बळ मिळते आणि हालचाल अडवणारी वाट दबते. पियुषिका ग्रंथीत तेच डोपामिन दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिनला रोखून धरते. मेंदूच्या बुडाशी असलेल्या वांतीच्या केंद्रात ते ओकारी आणते. उलटी थांबवायला घराघरात दिली जाणारी डॉम्पेरिडोनची गोळी तिथला डोपामिनचा ग्राही अडवते. ती मेंदूत फारशी शिरत नाही, म्हणून माणूस उदास होत नाही. वांतीचे केंद्र आणि पियुषिका मात्र रक्त आणि मेंदू यांच्यातल्या अडसराच्या बाहेर आहेत, म्हणून उलटी थांबते आणि प्रोलॅक्टिनही वाढते. अतिदक्षता विभागात रक्तदाब ढासळलेल्या रुग्णाला डोपामिनचे ड्रिप लावण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती. डोपामिन म्हणजे आनंद असता, तर त्या खाटांवर लोक गाणी म्हणत पडले असते. तसे होत नाही, कारण शिरेतले डोपामिन तो अडसर ओलांडत नाही आणि हृदयावरच्या, रक्तवाहिन्यांवरच्या ग्राहींना आनंदाशी कर्तव्य नसते.

सेरोटोनिनची कथा याहून मजेशीर आहे. शरीरातले ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असते आणि तिथे ते आतड्याची हालचाल सांभाळते. त्याचे चौदा ग्राही सात कुळांत विभागलेले आहेत. त्यांतले एक कूळ वाहिनी आहे, बाकीची जी-प्रथिनांमार्फत चालतात. केमोथेरपीत आतड्यातल्या पेशींतून सेरोटोनिन भसाभस बाहेर पडते आणि रुग्ण ओकून ओकून थकतो. त्यावर दिले जाणारे ऑन्डॅन्सेट्रॉन सेरोटोनिनचाच एक ग्राही बंद करते. समाधानाचे रसायन!

२. घेणारी पेशी कोणत्या वयाची आहे?

ग्राही कळला म्हणजे काम भागले, असे वाटेल. तसेही नाही. गाबा हे मेंदूतले मुख्य ‘शामक’ रसायन. त्याचा ‘ए’ जातीचा ग्राही ही क्लोराइडची वाहिनी आहे. प्रौढ चेतापेशीत क्लोराइड बाहेर जास्त आणि आत कमी असते. वाहिनी उघडली की ऋणभारित क्लोराइड आत येते आणि पेशी दबते. झोपेच्या आणि फिट्सच्या कितीतरी औषधांचा आधार हाच.

पण १९८९ साली येहेझकेल बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांच्या मेंदूत पाहिले तेव्हा तोच गाबा, त्याच ग्राहीवर, पेशींना चेतवत होता. अपक्व पेशीत क्लोराइड आतच जास्त साठलेले असते, कारण त्याला बाहेर काढणारा पंप अजून पुरेसा बसलेला नसतो. दार उघडल्यावर कण बाहेर पळतात आणि पेशीचा ऋणभार घटतो. पुढे पंप वाढतो आणि गाबाचा हुकूम उलटतो. जिवंत पिल्लाच्या मेंदूत हे नेमके किती प्रमाणात घडते यावर तज्ज्ञांत वाद आहेत. तरी नवजात बाळांच्या झटक्यांवर फिनोबार्बिटोनसारखी गाबाला बळ देणारी औषधे मोठ्यांइतकी हमखास का चालत नाहीत, याची जी कारणे सांगितली जातात त्यांत हे एक आहे. रसायन तेच, ग्राही तोच, फरक फक्त पेशीच्या आतल्या मिठाचा. आता सांगा, गाबाचा स्वभाव शांत की तापट?

३. येण्याइतकेच जाणे महत्त्वाचे

लोकप्रिय लिखाणात रसायने नेहमी ‘स्रवतात’. ती जातात कुठे, हे कोणी सांगत नाही. चेतापेशींच्या दृष्टीने मात्र रसायन दोन पेशींमधल्या फटीतून हटणे हा हुकुमाचा अर्धा भाग आहे. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: विकर, म्हणजे एन्झाइम, रसायनाला तिथल्या तिथे तोडते, किंवा सोडणारी पेशीच ते परत ओढून घेते. अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारे विकर इतके चपळ असते की त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू निकालात काढतो.

हे विकर बंद पडले तर काय होते, हे विदर्भाने पाहिले आहे. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवाऱ्यातल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली नावे होती. या गटातली विषे अ‍ॅसिटिलकोलिन तोडणाऱ्या विकरालाच जखडतात. शरीरात कोणतेही परके ‘उत्तेजक’ रसायन काम करत नसते. आपलेच, रोजचे, उपयोगाचे अ‍ॅसिटिलकोलिन फटीत साचत जाते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, छातीत पाणी भरल्यासारखा श्वास घरघरतो. स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात, कारण सतत चेतवलेली पेशी शेवटी प्रतिसादच देईनाशी होते.

उपचाराकडे नीट पाहिले तर माझ्या पहिल्या मुद्द्याचा पुरावाही तिथेच मिळतो. जिल्हा रुग्णालयात अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपिन देतात. त्याने लाळ आटते, छाती मोकळी होते, नाडी वाढते. स्नायूंचा अशक्तपणा मात्र अ‍ॅट्रोपिनने हटत नाही, कारण ते मस्करिनी ग्राही अडवते आणि स्नायूवरचे निकोटिनी ग्राही त्याच्या आवाक्यात नसतात. म्हणून ‘पॅम’ म्हणजे प्रॅलिडॉक्झाइम देतात, विकराला विषाच्या पकडीतून सोडवायला, आणि तेही लवकर दिले तरच उपयोग. शिवाय श्वसनाचे स्नायू सावरेपर्यंत व्हेंटिलेटर. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिनच्याच जातीची द्रव्ये असतात, म्हणून धोतऱ्याच्या विषबाधेचे चित्र बरोबर उलटे दिसते: कोरडे तोंड, ताणलेल्या बाहुल्या, भ्रम. रसायनाच्या ‘प्रमाणा’वर बोलणाऱ्यांनी एकदा हा खाटेशेजारचा हिशोब मांडून पाहावा.

वेळेचा दुसरा नमुना रोज सकाळी आपल्या हातात असतो. जागेपणी मेंदू ऊर्जा खर्च करतो तसतसे अ‍ॅडिनोसिन साचत जाते आणि आपल्या ग्राहींमार्फत चेतापेशींना मंद करत जाते. झोपेची ओढ निर्माण करणाऱ्या घटकांतला हा एक मोठा घटक. चहा-कॉफीतले कॅफिन त्या ग्राहींवर नुसते बसून राहते. ते ऊर्जा देत नाही आणि साचलेले अ‍ॅडिनोसिन कमीही करत नाही. कॅफिनचा अंमल उतरला की तुंबलेली झोप एकदम अंगावर येते. ‘चहाने तरतरी आली’ यात चहाने दिलेले काही नाही. मेंदूला मिळणारी एक सूचना काही तास अडली, एवढेच घडले.

४. जाळे तेच, वागणे वेगळे

आतापर्यंतची चर्चा एका पेशीची झाली. चौथा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो खेकड्या-शेवंडांच्या पोटातून येतो. या प्राण्यांच्या जठराची हालचाल चालवणारी सुमारे तीस चेतापेशींची एक गाठ असते. कोणती पेशी कोणाशी जोडलेली आहे याचा नकाशा तयार आहे. इव्ह मार्डर यांनी अमेरिकेत अनेक दशके या तीस पेशींचा अभ्यास केला आणि निष्कर्ष असा की नकाशा हातात असूनही गाठ काय करील हे सांगता येत नाही, जोपर्यंत तिच्यावर कोणती नियामक रसायने पडत आहेत हे कळत नाही. डोपामिन, सेरोटोनिन, अनेक लहान प्रथिने, प्रत्येकाने त्याच जोडणीतून वेगळी लय निघते. काही पेशी तर एका लयीतून सुटून दुसऱ्या लयीत सामील होतात. रसायन इथे निरोप पोहोचवत नाही. कोणत्या तारेला किती किंमत द्यायची, हे ते बदलते.

सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींचा जोडणीनकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून कृमीचे वागणे संपूर्ण वाचता यायला हवे होते. तसे अजून झालेले नाही, आणि त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. त्यांत डोपामिन सोडणाऱ्या मध्यमेंदूतल्या पेशी काही लाखच, पण एकेका पेशीचे फाटे लाखो ठिकाणी पोहोचतात. एवढ्या थोड्या पेशींनी एवढ्या विस्तारावर एकच पदार्थ शिंपडावा आणि प्रत्येक जागी वेगळा परिणाम व्हावा, हे घेणाऱ्यांच्या विविधतेशिवाय शक्यच नाही. शाळेची एकच घंटा सकाळी मुलांना वर्गात बसवते आणि संध्याकाळी त्यांनाच घरी पळवते. घंटेचा धातू तपासून यातले काही हाती लागणार नाही.

‘समाधानाच्या’ सेरोटोनिनचा एक पराक्रम इथे सांगायलाच हवा. वाळवंटी टोळ एरवी एकलकोंडा असतो, दुसरा टोळ दिसला की दूर सरतो. दाटीत सापडला, मागच्या पायांना सारखा स्पर्श होऊ लागला की काही तासांत त्याचे वागणे पालटते आणि तो झुंडीकडे ओढला जातो. २००९ साली ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की हा पालट त्याच्या छातीतल्या चेतागाठींत वाढणाऱ्या सेरोटोनिनमुळे होतो. सेरोटोनिन अडवले की दाटीतही टोळ एकटा राहतो, दिले की एकटा असूनही झुंडीसारखा वागतो. मे २०२०मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागात उतरलेली टोळधाड याच जातीची. संत्र्याच्या बागांवर डबे बडवणाऱ्या शेतकऱ्याला ‘हॅपी हार्मोन’ ही कल्पना समजावून सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

५. मग डोपामिन करते तरी काय?

आनंदाशी डोपामिनचा संबंधच नाही, असे मी म्हणत नाही. संबंध आहे, पण तो लोक समजतात तिथे नाही. मिशिगन विद्यापीठात केन्ट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतले डोपामिन जवळपास संपवले. ते उंदीर समोर अन्न असूनही खाईनात, नळीने भरवावे लागले. पण जिभेवर साखरेचे पाणी टाकले की त्यांच्या तोंडावर आवडीच्या त्याच खुणा उमटत, जीभ तशीच चाटत. गोडी शाबूत होती. गोडीकडे जाण्याची ओढ गेली होती.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींत बारीक इलेक्ट्रोड घालून दुसरा भाग उलगडला. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की पेशी क्षणभर धडाधड पेटत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्याला पेटू लागल्या आणि रसाला गप्प राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी त्यांचा नेहमीचा वेगही खाली येई. १९९७ साली शुल्ट्झ, दायान आणि माँटेग्यू यांनी हे ‘अपेक्षा आणि प्राप्ती यांतला फरक’ या सूत्रात बसवले. हे सूत्रही आज अपुरे ठरते आहे. काही डोपामिन पेशी नुसत्या हालचालीला, काही अप्रिय गोष्टींनाही प्रतिसाद देतात. पण एक गोष्ट पक्की: सेकंदाच्या अंशात होणारा चढ-उतार हा इथला मजकूर आहे, एकूण साठा नव्हे. म्हणून मोबाइल दोन दिवस बाजूला ठेवण्याला ‘डोपामिन डिटॉक्स’ म्हणणे हास्यास्पद आहे. मोबाइल जरूर बाजूला ठेवावा, सवय मोडेल. डोपामिन हे विष नाही आणि ते कुठून निचरतही नाही.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येईल: औषधे लागू पडतात ना? सेरोटोनिन वाढवल्याने नैराश्य हटते, तर नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची उणीव, यात चूक काय?

या तर्काचा इतिहास पाहण्यासारखा आहे आणि त्याची एक मुळी मुंबईत आहे. सर्पगंधेचा उपयोग रक्तदाबावर आणि उन्मादावर होतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले होते. १९४९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे रक्तदाबावरचे अनुभव मांडले आणि पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. १९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीत तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले गेले. रेसर्पिन चेतापेशींतले डोपामिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन, सेरोटोनिन यांचे साठे रिकामे करते. ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. त्याच सुमारास क्षयावरच्या आयप्रोनियाझिडने रुग्ण उल्हसित होतात असे दिसले आणि ते औषध याच रसायनांचे विघटन रोखत होते. दोन्ही टोके जोडून १९६०च्या दशकात सिद्धान्त उभा राहिला: रसायन घटले की नैराश्य, वाढले की सुटका.

पण रेसर्पिन आणि नैराश्य हा दुवा पुढे कच्चा निघाला. १९५५ साली लंडनमध्ये झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत तर चिंता आणि नैराश्य असलेल्या रुग्णांना रेसर्पिनने बरेच वाटले होते. २०२२ साली जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सेरोटोनिनच्या उणिवेने नैराश्य येते याला सुसंगत पुरावा मिळाला नाही. आणखी एक अडचण पहिल्यापासून डोळ्यांसमोर होती. फ्लुओक्सेटिनसारखी औषधे सेरोटोनिन परत ओढून घेणे काही तासांत अडवतात, मनःस्थिती सुधारायला मात्र आठवडे लागतात. उणीव भरून काढणे एवढेच काम असते, तर दुसऱ्या दिवशी फरक पडायला हवा होता. मधल्या काळात ग्राही आपली संवेदनशीलता बदलतात, सोडणाऱ्या पेशीवरचे स्वतःलाच आवर घालणारे ग्राही सैलावतात, जोडण्या नव्याने जुळतात. याचा अर्थ औषधे निकामी, असा मुळीच नाही. २०१८ साली लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले, त्यात २१ची २१ नैराश्यविरोधी औषधे सरासरीने नकली गोळीपेक्षा सरस ठरली. औषधाने फरक पडतो यावरून तिथे एक कळ आहे एवढे सिद्ध होते. बिघाड त्याच कळीत होता, हे सिद्ध होत नाही.

याच आक्षेपाचा अधिक बळकट अवतार म्हणजे कंपवात, आणि तिथे मी अर्धी हार मानतो. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन देऊन सशांना निश्चल केले आणि ज्यापासून शरीर डोपामिन बनवते त्या डोपाचे इंजेक्शन देताच ते थोड्याच वेळात कान टवकारून उठले. १९६०मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच यांनी कंपवाताने मेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन जवळपास आटल्याचे दाखवले. त्यातून लेव्होडोपाचा उपचार आला, जो आजही या आजाराचा कणा आहे. खाजकुहिलीच्या बियांतून हेच द्रव्य १९३७ सालीच मद्रासमध्ये वेगळे काढलेले होते, हे जाता जाता. तेव्हा उणिवेचा सिद्धान्त इथे खरा आहे. पण पुढे काय होते तेही पाहा. काही वर्षांनी लेव्होडोपावरच्या अनेक रुग्णांना नको असलेल्या, वेड्यावाकड्या हालचाली सुरू होतात. डोपामिनच्या ग्राहींना थेट चेतवणाऱ्या गोळ्यांवर काही सरळमार्गी माणसे जुगाराच्या नादी लागतात. रसायन परत दिले. पण नेमक्या जागी, नेमक्या क्षणी, नेमक्या वेळापुरते देणे गोळीला जमत नाही. उणिवेचा सिद्धान्त जिथे सर्वांत खरा, तिथेही तो पुरा पडत नाही.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. ‘मेंदूत केमिकल कमी झालंय’ असे सांगितले की आजाऱ्याला कोणी आळशी किंवा खुळा म्हणत नाही. मग हे सोपे खोटे चालू द्यावे. या विषयावरच्या अभ्यासांतून दिसते ते असे की जैविक कारण सांगितल्यावर लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण तो बरा होईल अशी आशाही कमी धरतात. रुग्ण स्वतःही तसेच धरतो. कलंक पुसायला घेतलेल्या फडक्याने आशाही पुसली जात असेल, तर फडके बदलावे.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा: रसायनांचा अर्थ असा परिस्थितीवर अवलंबून असेल, तर मन रसायनांपलीकडचे आहे हेच सिद्ध झाले. नाही. ग्राही हे प्रथिन आहे, क्लोराइड हा मिठातला कण आहे, जी-प्रथिनही पदार्थच. यात आत्म्याला जागा करून दिलेली नाही. गुंतागुंत म्हणजे गूढ नव्हे.

७. वाचकाने काय करावे?

पुढच्या वेळी कोणी एखाद्या रसायनाच्या नावाने सवय, आहार किंवा पूरक गोळी विकू लागला, तर त्याला विचारावे: मेंदूच्या कोणत्या भागात, कोणत्या ग्राहीवर, किती वेळ? पूरक गोळीवाल्याला आणखी एक विचारावे: तुमचे रसायन रक्तातून मेंदूत शिरते का? बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपेल.

आणि घरात कोणी नैराश्याची औषधे घेत असेल, तर हा लेख वाचून एकही गोळी बंद करू नका. महिनोन्‌महिने औषध घेतल्यावर चेतापेशींनी आपले ग्राही त्या औषधाच्या हिशोबाने जुळवून घेतलेले असतात. ते अचानक थांबवले तर चक्कर, मळमळ, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात. औषध कमी करायचे असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. ते डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.